संपर्क तुटल्यानंतर : दूरसंचालित गस्ती नौकेच्या प्रकल्प नोंदी

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

पुण्यातल्या कार्यशाळेतून काल रात्री निघालेला ट्रेलर खोपोली, पेण, वडखळ करत आज पहाटे रेवसच्या वरच्या अंगाला, धरमतरच्या खाडीकाठच्या आमच्या छोट्या धक्क्यावर पोहोचला. नौकेची लांबी ७ मीटर, सांगाडा फायबरचा, एक डिझेल इंजिन आणि त्याच्या मागे वॉटरजेट, म्हणजे पाणी आत ओढून मागे झोत फेकणारा पंप. पंखा बाहेर नसल्यामुळे या खाडीतल्या डोलजाळ्यांना (खुंटांना बांधून ओढीच्या पाण्यात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांना) आणि त्यांच्या दोरांना इजा होण्याची भीती पुष्कळ कमी होते. प्रचलित पंख्याऐवजी महागडा वॉटरजेट घेण्याचे खरे कारण तेच आहे, आणि हिशेबतपासणीच्या वेळी ते शोधावे लागू नये म्हणून येथे नोंदवून ठेवत आहे.

प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. बंदराच्या तोंडाशी, नांगरलेल्या जहाजांभोवती आणि खाडीच्या मुखाशी रात्रंदिवस जी गस्त घालावी लागते, ती आज उघड्या छोट्या होड्यांमधून माणसे घालतात. मी स्वतः अशा एका रात्रगस्तीला बसले आहे. पहाटे तीननंतर अंगावरचे कपडे खाऱ्या पाण्याने ओले, मान आखडलेली आणि डोळे पाण्याच्या काळ्या पडद्याकडे बघून इतके थकलेले असतात, की पन्नास मीटरवरचा बोया आणि माणसाचे डोके यांतला फरक पटकन कळत नाही. पाहण्याचे आणि ठरवण्याचे काम माणसाकडेच राहावे, पण ते त्याने कोरड्या खोलीत बसून करावे आणि भिजण्याचे काम नौकेने करावे, एवढेच आम्हाला साधायचे आहे. नौकेवर कॅमेरे, रडार, प्रकाशझोत आणि ध्वनिक्षेपक असतील. शस्त्र नसेल.

३१ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

या आठवड्यात दिल्लीत भरलेल्या नौदलाच्या ‘स्वावलंबन’ परिषदेच्या निमित्ताने ‘मातंगी’ या स्वयंचलित नौकेच्या मुंबई ते तुतिकोरिन अशा सुमारे १५०० किलोमीटरच्या सागरमाला परिक्रमेला संरक्षणमंत्र्यांनी झेंडा दाखवला. धक्क्यावर सगळ्यांनी ती बातमी मोठ्याने वाचली. आपल्याकडच्या अभियंत्यांनी एवढ्या पल्ल्याची हिंमत धरली याचा आनंद दिवाळीच्या फराळाइतकाच गोड वाटला.

आमचे काम त्याहून वेगळ्या जातीचे आहे, हे मात्र तरुण सहकाऱ्यांना आजच समजावून सांगावे लागले. खुल्या समुद्रात लांबचा पल्ला मारणाऱ्या नौकेला वाट स्वतः काढावी लागते. आमच्या नौकेची वाट प्रत्येक क्षणी किनाऱ्यावरचा चालक काढणार आहे, आणि तिच्याभोवती सतत होड्या, बार्ज, लाँचा असणार आहेत. त्यामुळे तिचा सगळा जीव चालक आणि ती यांच्यामधल्या न दिसणाऱ्या धाग्यावर टांगलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्लाने १८९८ साली बिनतारी लहरींनी एक छोटी होडी हौदात चालवून दाखवली, तेव्हापासून हा धागा अस्तित्वात आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत त्याचा वेग आणि क्षमता प्रचंड वाढली, पण तो तुटतो ही गोष्ट बदललेली नाही.

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

पहिली पाणचाचणी झाली. दोन माणसे नौकेवर बसलेली, हातात प्रत्यक्ष सुकाणू, आणि किनाऱ्यावरची जॉयस्टिक फक्त ‘सावली’ म्हणून जोडलेली, अशी सुरुवात केली. चाळीस मिनिटांत वॉटरजेटच्या तोंडावरच्या जाळीत प्लास्टिकच्या पिशव्या आणि नायलॉनच्या दोरीचे गुंतवळ अडकले आणि इंजिनाचा आवाज चढूनही वेग पडला. जाळी साफ करण्यासाठी वरून हात घालता येईल असे झाकण काढायचे ठरले. माणूस नसताना मात्र हे कोण करणार? उत्तर असे सापडले की झोताची दिशा उलट करणारी जी बादली वॉटरजेटच्या मागे असते तिचा येथे काही उपयोग नाही, कारण पाणी आत येण्याची दिशा तीच राहते. पंपच काही सेकंद उलटा फिरवावा लागेल. त्यासाठी उलट गती देणारा गिअरबॉक्स मागवला आहे.

आज विलंबही मोजला. नौकेवरच्या कॅमेऱ्यासमोर घड्याळ धरायचे आणि किनाऱ्यावरच्या पडद्यावर तेच घड्याळ किती मागे दिसते ते पाहायचे, अशी साधी पद्धत वापरली. आमच्या थेट रेडिओवरून ०.३५ सेकंद आणि मोबाइल नेटवर्कवरून जवळजवळ ०.९ सेकंद. नौका २० नॉटने चालत असेल तर ती एका सेकंदात दहा मीटरहून थोडे जास्त अंतर कापते. म्हणजे थेट रेडिओवर चालक जे पाहतो ते साडेतीन मीटर मागचे असते आणि मोबाइलवर सुमारे नऊ मीटर मागचे. मोबाइलचा मार्ग फक्त नकाशावरची जागा आणि इंजिनाची तब्येत कळवण्यासाठी ठेवावा, त्यावरून सुकाणू कधीही धरू नये, असा निर्णय लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या.

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज चाचणी घेतली नाही. दुपारी सर्वांनी मिळून नौकेला ‘दिसले’ पाहिजे अशा गोष्टींची यादी पुन्हा तपासली, आणि या तारखेला ते काम करण्यामागे अर्थ आहे. सोळा वर्षांपूर्वी दहा जण पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन मुंबईजवळ आले आणि तिथून हवा भरलेल्या छोट्या होडीने कफ परेडच्या बधवार पार्कजवळ, मच्छीमार वसाहतीच्या किनाऱ्याला लागले. वस्तीतल्या लोकांनी त्या अनोळखी तरुणांना हटकलेही होते. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९९३ साली, याच रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला स्फोटके उतरली होती. दोन्ही वेळा जे आले ते इथल्या रोजच्या वर्दळीतल्या होड्यांसारख्याच होड्यांतून आले. २००९ नंतर किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, सागर प्रहरी बल उभे राहिले, त्यासाठी ८० जलद नौका घेतल्या गेल्या. तरीही महाराष्ट्राचा जो किनारा आपण शाळेत ७२० किलोमीटर म्हणून शिकलो, त्याच्या प्रत्येक खाडीच्या तोंडाशी रात्रभर जागे डोळे ठेवणे हे माणसांच्या संख्येचे काम आहे, आणि ती संख्या कधीच पुरत नाही.

यादीत सर्वांत अवघड गोष्ट निघाली ती लाकडी छोटी होडी. जहाजांची ओळख पटवणारी एआयएस यंत्रणा तिच्यावर नसते. रडारवर तिचा ठिपका लाटांच्या कचऱ्यात बुडून जातो. उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यात चालू इंजिन आणि माणूस स्वच्छ दिसतात, पण इंजिन बंद करून ताडपत्रीखाली झोपलेला खलाशी दिसत नाही. म्हणून कोणत्याही एका साधनावर विसंबायचे नाही असे ठरले. समुद्रात टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम टेहळणी डोळ्यांनी आणि कानांनी ठेवावी असे सांगतो. कानांचा विचार आम्ही आजवर केलाच नव्हता. डोलवीकडे जाणारे बार्ज धुक्यात भोंगा देतात, तो चालकाला ऐकू गेलाच पाहिजे. मस्तुलावर वाऱ्याचा आवाज अडवणारे आवरण घालून दोन मायक्रोफोन लावायचे आहेत.

२३ डिसेंबर २०२४, सोमवार

गेल्या बुधवारपासून हात कामात लागत नव्हते. १८ तारखेला दुपारी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक स्पीडबोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. मृतांची संख्या आता १५ झाली आहे. आमच्यापैकी प्रत्येकाने त्या बोटीने कधी ना कधी प्रवास केला आहे. इंजिनाच्या चाचण्या आम्हीही घेतो, त्याच बंदराला लागून असलेल्या पाण्यात घेतो, आणि आमच्या नौकेवर तर पुढे कोणीच नसणार आहे. त्यामुळे आज सकाळी सर्वांना एकत्र बसवले आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहिला : इंजिन ऐकेनासे झाले तर नौका किती सेकंदांत निर्धोक होते आणि ती कोणाच्या भरवशावर होते?

उत्तर समाधानकारक नव्हते. आमची आणीबाणीची थांबण्याची आज्ञा रेडिओवरून संगणकाकडे आणि संगणकाकडून इंजिनाकडे जात होती, म्हणजे जो बिघडू शकतो त्यालाच बिघाड आवरायला सांगितले जात होते. डिझेल इंजिन बंद करायचे तर त्याचे इंधन तोडावे लागते. त्यासाठीचा सोलेनॉइड, म्हणजे विजेने हलणारी खीळ, दोन प्रकारचा मिळतो. एकाला वीज दिली की इंधन तुटते आणि दुसऱ्याला वीज मिळत राहिली तरच इंधन चालू राहते. आमच्याकडे पहिला होता. आज तो काढला आणि दुसरा बसवला, आता तार तुटली, बॅटरी मेली, फ्यूज उडाला, काहीही झाले तरी इंजिन बंद पडण्याच्याच बाजूला झुकेल. त्याची वीज संगणकाला वगळून एका स्वतंत्र रिसीव्हरमधून नेली आहे आणि किनाऱ्यावर त्याचे लाल बटण जॉयस्टिकपासून वेगळ्या पेटीत, वेगळ्या माणसाच्या हातात राहील. हा माणूस चाचणी संपेपर्यंत दुसरे कोणतेही काम करणार नाही, फोनही घेणार नाही.

पण येथे वॉटरजेटची अडचण आडवी येते, आणि ती मला रात्री झोपू देत नाही. साध्या होडीला इंजिन बंद झाल्यावरही सुकाणूच्या पात्यामुळे थोडीफार दिशा देता येते. वॉटरजेटला पाते नसते. झोत हेच त्याचे सुकाणू, आणि झोत बंद म्हणजे वळणे बंद. लाल बटण दाबल्यावर आमची नौका ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेला सरकत राहील आणि मग ओहोटीच्या ओढीला लागेल. थांबवणे आणि सुरक्षित करणे या एकच गोष्टी आहेत असे आम्ही आजवर धरून चाललो होतो.

३० डिसेंबर २०२४, सोमवार

अमावास्या, पाण्याला जोर. लाल बटणाची चाचणी २० नॉट, १२ नॉट आणि ६ नॉट या तीन वेगांवर घेतली, नौकेवर दोन माणसे आणि शेजारी सोबतीची होडी ठेवून. २० नॉटवरूनही सांगाडा पाण्यात बसताच वेग लगेच ओसरतो, हे दिलासा देणारे निघाले. त्यानंतर मात्र ओहोटीने तिला जे नेले ते थेट डोलजाळ्यांच्या खुंटांच्या दिशेने. सोबतीच्या होडीने ओढून आणले.

सोबतीची होडी चालवणारे तांडेल साठीच्या घरातले आहेत आणि कमी बोलतात. परत येताना ते म्हणाले, “मॅडम, मशीन बंद पडली की आम्ही पहिला नांगर सोडतो. तुमच्या होडीला नांगरच दिसत नाही.”

मी म्हटले, “नाखवा, नांगर सोडायला हात लागतात. तिच्यावर कोणी नसणार.”

ते म्हणाले, “सोडायला हात कशाला? धरून ठेवायला लागतात. पडतो तर तो आपोआप.”

पाच अभियंते आठवडाभर ज्यावर घासत होते ते त्यांनी दोन वाक्यांत सोडवले. नांगर विजेच्या चुंबकाने धरून ठेवायचा, वीज गेली की तो पडेल. वेगात असताना पडला तर दोर तुटेल किंवा नौका उलटेल, म्हणून इंधन तुटल्यापासून २० सेकंदांनी चुंबक सोडणारी एक साधी घड्याळ-रिले, तिच्या स्वतःच्या छोट्या बॅटरीवर. तांडेलांचे नाव मुख्य अहवालात मानधनासह यावे असा प्रस्ताव मी आजच पाठवला आहे.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

नौकेवर कोणी नाही, अशी पहिली चाचणी. सोबतीची होडी साठ मीटर मागे. धक्क्यापासून सुमारे ४०० मीटरवर चित्र एकाएकी तुटले, करडे चौकोन आले आणि मग पडदा काळा. नौका मात्र आज्ञा पाळत होती. चालकाने अंदाजाने वेग कमी केला, नौका पुढे सरकली आणि चित्र परत आले.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

अँटेनाच्या जोडाला खाऱ्या हवेने गंज चढला असावा असा सगळ्यांचा समज झाला. जोड बदलले, केबल बदलली. कालच्याच ठिकाणी उपग्रहाच्या साहाय्याने नौका नेमकी उभी केली. चित्र स्वच्छ. दोष गेला असे मानून सर्व जण खूश झाले. मी झाले नाही, कारण काढलेला जोड स्वच्छ निघाला होता.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

मकर संक्रांत. पौर्णिमा काल झाली, म्हणजे उधाणाचे दिवस. सकाळी साडेसहाच्या ओहोटीला आणि दुपारी पाऊणच्या सुमाराच्या भरतीला अशा दोन फेऱ्या लावल्या. सकाळच्या फेरीत चित्र तुटले, पण ४०० वर नाही, ४८० मीटरवर. दुपारी तुटले ते ३२० वर. दोन्ही वेळा नौका मागेपुढे करून पाहिली, जागा पक्की होती. बिघाड असता तर तो असा मोजपट्टी घेऊन चालला नसता.

तांडेलांच्या घरून तिळगूळ आला होता, तो खात मी धक्क्याच्या कडेवर उभी होते. सकाळी खांबांवर कालवांचा जो पांढरा, धारदार पट्टा उघडा दिसत होता तो आता पूर्ण बुडाला होता. सकाळी त्या पट्ट्याच्या खाली चिखल होता आणि दुपारी त्याच्या वर पाणी होते, जवळपास चार मीटरचा फरक. धक्क्यावरचा मनोरा हललेला नव्हता. त्याच्या पायाशी असलेले पाणी हलले होते.

रात्री हिशेब मांडला. अँटेनापासून निघालेली लहर नौकेपर्यंत दोन वाटांनी पोहोचते, एक सरळ आणि एक पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून. आपटताना ती उलटी होते. या दोन वाटांच्या लांबीतला फरक जिथे बरोबर एका तरंगलांबीएवढा होतो, तिथे सरळ आणि उलटी लहर एकमेकींना खाऊन टाकतात. हा फरक म्हणजे ढोबळमानाने दोन्ही अँटेनांच्या पाण्यापासूनच्या उंचींच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले अंतर. चित्राचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. ओहोटीला आमचा अँटेना पाण्यापासून १२ मीटर उंच आणि नौकेचा अडीच मीटर, त्यातून अंतर निघते ४८० मीटर. भरतीला तोच अँटेना पाण्यापासून ८ मीटरवर येतो, अंतर निघते ३२० मीटर. आणि ९ तारखेला भांगाचे पाणी होते, ना पुरते वर ना पुरते खाली, उंची १० च्या आसपास, अंतर ४०० मीटर.

आकडे जुळलेले पाहून मी एकटीच कितीतरी वेळ कागदाकडे बघत बसले. बिघाड कोणत्याच वस्तूत नव्हता. आम्ही किनाऱ्यावर उभारलेला मनोरा समुद्राच्या दृष्टीने रोज दोनदा उंच आणि दोनदा ठेंगणा होत होता, आणि पुण्यातल्या मैदानावर घेतलेल्या शेकडो चाचण्यांत हे कधीही दिसले नसते.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

मनोऱ्यावर पहिल्या अँटेनाच्या तीन मीटर खाली दुसरा लावला. पहिल्याची मेलेली जागा ४८० वर असते तेव्हा दुसऱ्याची ३६० वर असते, भरतीला ३२० आणि २००, म्हणजे दोन्ही एकाच वेळी आंधळे होत नाहीत. जो जास्त ऐकू येतो त्याचे चित्र रिसीव्हर घेतो. ओहोटी आणि भरती दोन्हींत फेऱ्या केल्या. ४८० वर चित्र, ३२० वर चित्र.

२० जानेवारी २०२५, सोमवार

या साऱ्या प्रकारातली खरी धोक्याची गोष्ट वेगळीच होती, आणि अँटेना सुधारल्याच्या आनंदात ती निसटू नये म्हणून आज दिवसभर बैठक घेतली. चालकाच्या आज्ञा ८६५ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या रेडिओवरून जातात. त्याची तरंगलांबी चित्राच्या रेडिओच्या तब्बल पावणेतीन पट आहे, म्हणून त्याच्या मेलेल्या जागा वेगळ्या अंतरांवर पडतात. त्यामुळे ४०० मीटरवर चित्र गेले तेव्हा आज्ञा नौकेला पोहोचत होत्या. नौकेच्या दृष्टीने संपर्क शाबूत होता. डोळे गेलेले आणि हात चालू, अशा अवस्थेत चालक तिला हाकू शकत होता आणि त्याने हाकलेही. दोन्ही धागे एकदम तुटले असते तर नौका आपोआप थांबली असती, पण अर्धवट तुटल्यामुळे ती चालत राहिली.

म्हणून ‘संपर्क तुटला’ या शब्दांची व्याख्याच बदलली. यापुढे नौका स्वतःकडे आज्ञा येतात की नाही एवढेच पाहणार नाही, तर आपण पाठवलेले चित्र किनाऱ्यावर खरोखर उमटले की नाही याची पोच मागेल. चालकाच्या पडद्यावर चित्र उमटले की तिथला संगणक त्या चित्राचा क्रमांक आज्ञेबरोबर परत पाठवील. दोन सेकंद पोच आली नाही तर वेग आपोआप तीन नॉटवर येईल, चालकाने कितीही दांडा पुढे ढकलला तरी. पाच सेकंद आली नाही तर नौका त्याच्या हातून सुटेल, इंजिन चालू ठेवून तोंड ओढीच्या विरुद्ध वळवील आणि होती त्या जागी पंधरा मीटरच्या आत उभी राहील. इंधन तोडणे आणि नांगर टाकणे हा त्याच्याही पलीकडचा उपाय, संगणकच मूक झाला तर किंवा लाल बटण दाबले तर.

चालकांपैकी एकाचा याला विरोध होता. अनुभवी माणसाच्या हातून यंत्राने सुकाणू काढून घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. मी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकले आणि तरीही निर्णय बदलला नाही. पाच सेकंदांपूर्वी पाहिलेल्या पाण्यावर नौका हाकण्याइतका अनुभव कोणालाच असू शकत नाही, कारण त्या पाच सेकंदांत तिथे होडी आलेली असू शकते, आणि मासेमारी करत असलेल्या होडीला वाट देणे हे आपले कर्तव्य आहे, तिचे नाही.

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

मुद्दाम संपर्क तोडून नौकेला जागेवर उभे ठेवण्याची बारा मिनिटांची चाचणी. सोबतीची होडी आज लांब ठेवली होती. सातव्या मिनिटाला बाहेरून परतणारी एक मासेमारी होडी आमच्या नौकेजवळ आली, तिच्यावरचे लोक हाका मारताना मायक्रोफोनवर ऐकू आले, आणि उत्तर न आल्यावर एकाने पुढच्या कड्यात दोर ओवून तिला ओढायला सुरुवात केली. नौका जागा सोडायला तयार नव्हती, ती दुप्पट जोर लावत होती, आणि दोर ताणला जात होता. लाल बटण दाबायला लावले. होडीने तिला शांतपणे धक्क्यावर आणून बांधले. एका खलाशाने आम्हाला काळजीने विचारले, “माणसं पडली का काय हिच्यातली?”

त्या लोकांनी जे केले ते समुद्रावरच्या प्रत्येक भल्या माणसाने करावे असेच होते. चूक आमची. गावागावांत पत्रके वाटली होती, पण दर्यावरून तीन दिवसांनी परतणाऱ्याला पत्रक कुठून मिळणार? २०२२ च्या ऑगस्टमध्ये इराणच्या क्रांतिरक्षक दलाच्या नौदलाच्या जहाजाने आखातात अमेरिकेची ‘सेलड्रोन’ ही मानवरहित नौका दोर बांधून ओढत नेली होती आणि अमेरिकी युद्धनौका व हेलिकॉप्टर आल्यावर सोडली होती. तिथे हेतू वेगळा होता, पण उणीव तीच : ज्या नौकेवर कोणी नाही तिला हात लावणाऱ्याशी बोलायलाही कोणी नसते.

उपाय आजच ठरले. नौकेच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीच्या अक्षरांत ‘मानवरहित नौका, चाचणी चालू’ असे रंगवायचे. संपर्क तुटला की ध्वनिक्षेपकावरून मराठीत आणि हिंदीत आपोआप सांगायचे, की या नौकेवर कोणीही नाही, कोणी बुडालेले नाही, कृपया दूर राहा. ‘कोणी बुडालेले नाही’ हे शब्द तांडेलांनी घालायला लावले. दोर ताणला गेल्याचे कळताच इंजिन मंद होईल, म्हणजे कोणाचा हात दोरात अडकून जायबंदी होणार नाही.

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

किरकोळ. थंडीतले कुरव पक्षी मस्तुलावर बसतात आणि कॅमेऱ्याच्या काचेवर घाण करतात. मस्तुलावर तारेचे काटे बसवले. काचेवर खाऱ्या पाण्याची पापुद्र्यासारखी साय धरते, म्हणून वायपरबरोबर गोड्या पाण्याची दहा लिटरची टाकी दिली. उलट गतीचा गिअरबॉक्स बसला, जाळी आता सहा सेकंदांत साफ होते. चुंबकाने धरलेला नांगर आडव्या लाटेच्या आपटीने दोनदा सुटून पडला, त्यामुळे चुंबकाच्या जागी विजेने आत ओढून धरलेली पोलादी खीळ घेतली आहे. तत्त्व तेच.

६ मार्च २०२५, गुरुवार

सिंगापूरच्या नौदलाने जानेवारीपासून आपल्या मानवरहित नौका प्रत्यक्ष गस्तीवर काढल्या आहेत. त्या जवळपास १७ मीटर लांब आणि ३० टन वजनाच्या आहेत, आणि जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सामुद्रधुनींपैकी एकीत फिरतात. प्रत्येकीसाठी किनाऱ्यावर दोन माणसे बसतात, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली, कारण आमच्याकडे एका चालकाने तीन नौका सांभाळाव्यात अशी मागणी वरून येऊ लागली आहे.

त्यावर आज लेखी उत्तर दिले. आमच्याच चाचण्यांत एकट्या चालकाला पडद्यासमोर बसवले तेव्हा चाळीस मिनिटांनंतर कडेच्या कॅमेऱ्यातली छोटी होडी त्याच्या ध्यानात यायला वेळ लागू लागला. कोरड्या खोलीतही डोळे थकतात, नुसते वेगळ्या कारणाने. हाकणारा एक आणि टेहळणारा एक, आणि दर तासाला अदलाबदल, हे आमचे किमान मागणे आहे. खर्च वाचवण्यासाठी माणसे कमी करायची असतील तर त्या बचतीचा धोका शेवटी डोलजाळे ओढणाऱ्या होडीने सोसायचा, आणि तिला कोणी विचारलेले नाही.

१३ मार्च २०२५, गुरुवार

होळी. खाडीकाठच्या सगळ्या कोळीवाड्यांत शिमग्याची धामधूम, होड्या सजवून काठाला लागलेल्या. पाणी मोकळे असल्यामुळे चाचणी घेऊ या, असे पुण्याहून सुचवण्यात आले. घेतली नाही. ज्या लोकांच्या पाण्यात आपण काम करतो ते घरी आहेत म्हणून त्या पाण्यात घाई करायची, हे मला पटले नाही. संध्याकाळी तांडेलांच्या घरी पुरणपोळीला गेलो.

२० मार्च २०२५, गुरुवार

काल रात्री दहा ते आज पहाटे दोन, पहिली पूर्ण रात्रगस्त. नौकेवर कोणी नाही. मतलई वारा सुटल्यावर पाणी शांत झाले. आधी ठरवून, पण चालकांना न सांगता, ३० वेळा संपर्क तोडला : कधी फक्त चित्र, कधी फक्त आज्ञा, कधी दोन्ही. २८ वेळा नौका ठरलेल्या वेळेत उभी राहिली. एकदा ती पंधराऐवजी एकवीस मीटर सरकली, कारण बार्जच्या लाटेने तिचे तोंड फिरवले. एकदा फक्त चित्र तोडले असताना तिने थांबायला पाचऐवजी आठ सेकंद घेतले. चित्राचा क्रमांक पाठवणाऱ्या संगणकाने जुनाच क्रमांक तीन सेकंद पुन्हा पुन्हा पाठवला होता. हा दोष मी गंभीर धरते. तो दुरुस्त होऊन पुन्हा ३० तोडण्या पार पडेपर्यंत सोबतीची होडी साठ मीटरच्या बाहेर जाणार नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी उष्णतेच्या कॅमेऱ्यात पाण्यालगत एक फिकट ठिपका दिसला. रडारवर काहीच नव्हते. टेहळणाऱ्याने वेग कमी करायला सांगितले, प्रकाशझोत टाकला. इंजिन बंद करून, दिवा न लावता भरतीची वाट पाहत असलेली छोटी होडी, तीत दोघे जण, एक झोपलेला. ध्वनिक्षेपकावरून चालकाने विचारले, “काका, दिवा नाही का तुमच्याकडे?” बसलेल्याने हात वर करून बॅटरी दाखवली, ती पेटत नव्हती. नौका वळसा घालून निघाली, पण पुढचा बार्ज त्या वाटेने जाईपर्यंत चालकाने तिला होडीच्या आणि वाटेच्या मध्ये, दिवे पूर्ण लावून, पंचवीस मिनिटे उभे ठेवले. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. जानेवारीत सुकाणू सोडायला विरोध करणारा चालक तोच.

नांगराचा दोर खीळेच्या कडेवर घासून दोन पेड तुटले आहेत. उद्या सकाळी ओहोटीला नौका वर घेऊन तो बदलायचा, आणि कडेला पितळी वाटी बसवायची.